गोळ्यांच्या वहीतला खाडा

मित्रांनो, आज मला पाहून मी कधीकाळी वही होते हे तुम्हाला पटायचं नाही. पुठ्ठ्याच्या एका खोक्यात मी सुट्या पानांचा गठ्ठा होऊन पडले आहे. पाठीची शिवण उसवलेली आहे, पुठ्ठा गेला आहे, आणि काही पानांच्या जागी तर नुसता निळसर लगदा वाळून बसला आहे. तरी मी बोलते आहे, कारण मला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

माझा जन्म कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका बाइंडरकडे झाला. चारशे पानं, तांबड्या कापडाची पाठ, जाड पुठ्ठा. मला घ्यायला दत्तोपंत आले होते. शहराच्या उताराकडच्या भागात एक छोटा धर्मादाय दवाखाना होता, तिथे ते अठ्ठावीस वर्षं लेखनिक होते. त्यांनी माझी पानं बोटानं फर्रकन सोडली, आखणी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि बाइंडरला म्हणाले, "ही चालेल. हिच्यात माणसं लिहायची आहेत."

ते खरंच होतं. त्या दवाखान्यात रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण यायचे. या आजाराचा एक प्रकार असा असतो, की रोज एक गोळी न चुकता घेतली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, कामधंदा करतो. गोळ्या फुकट मिळायच्या, एका वेळी चार आठवड्यांच्या, आणि फक्त मंगळवारी. खिडकीच्या आत दत्तोपंत बसायचे आणि त्यांच्यापुढे मी. तारीख, रुग्णाचा क्रमांक, नाव, किती गोळ्या दिल्या, आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. सहीसाठी खिडकीच्या गजाला सुतळीनं एक बॉलपेन बांधलेलं असे. सगळे मला गोळ्यांची वही म्हणायचे.

दोन हजार वीसच्या जानेवारीत, चौदा तारखेच्या मंगळवारी, मुरगूडहून ज्ञानू आणि त्याची मुलगी प्रियदर्शनी पहिल्यांदा आले. ज्ञानूकडे चार म्हशी होत्या. प्रियदर्शनी एकवीस वर्षांची, गावात शाळेच्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. ज्ञानूनं सही केली तेव्हा पेन इतकं दाबलं, की खालच्या तीन पानांवर वळ उठले. त्याला 'ज्ञ' नीट यायचा नाही. त्याची गाठ तो उलटी मारायचा. ती सही हजारांत ओळखू आली असती.

"पोरीचं नाव निस्तं लिहू नका, वाचून बी दाखवा," तो म्हणाला. दत्तोपंतांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा कुठं त्यानं गोळ्या हातात घेतल्या.

पुढे टाळेबंदी लागली. एसटी बंद, रस्त्यांवर पोलीस. मला वाटलं, आता माझी पानं कोरी राहणार. पण मंगळवारी खिडकीशी माणसं आलीच. कुणी गडहिंग्लजहून मोटारसायकलवर, कुणी पेठ वडगावहून भाजीच्या गाडीतून. ज्ञानू दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये उभा राहून यायचा. डॉक्टर उदयसिंह पाहुण्यांना मला उघडून दाखवायचे. "पंतांच्या वहीत चूक काढून दाखवा," म्हणायचे, "मी डॉक्टरकी सोडतो." मित्रांनो, तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. आता तो आठवला की लाज वाटते.

दत्तोपंत तोवर बॉलपेननं लिहीत. पण निवृत्तीला चार महिने उरले, तेव्हा त्यांनी घरच्या कपाटातलं जुनं शाईचं पेन काढून आणलं. "शेवटची अक्षरं तरी देखणी होऊ देत," असं ते स्वतःशीच म्हणाले. दोन हजार एकवीसच्या एप्रिलपासून माझ्या पानांवर निळ्या शाईचं वळणदार अक्षर उमटू लागलं. मीही खुलून गेले. त्यात काही चुकतं आहे हे ना त्यांना कळलं, ना मला.

त्या जुलैत पंचगंगेचं पाणी दवाखान्यात शिरलं. मी सर्वांत खालच्या फळीवर होते. दोन दिवस आणि एक रात्र मी पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर मला गच्चीवर वाळत टाकलं. आधीच्या पानांवरचं बॉलपेनचं अक्षर टिकलं, पण एप्रिलपासूनची शाई पानभर पसरली आणि ती पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. महिनाअखेरीला दत्तोपंत निवृत्त झाले. पूर ओसरलेल्या त्या गडबडीत त्यांचा निरोपसमारंभही झाला नाही. ऑगस्टपासून नवीन वही सुरू झाली. मला पोत्यात घालून कपाटावर टाकलं, आणि मी सात-आठ महिने तिथेच धूळ खात पडले.

मग इरावती आली. संख्याशास्त्र शिकलेली, चोविशीतली, शांत मुलगी. सगळ्या जुन्या नोंदी संगणकात घालायच्या, या कामावर तिला एका वर्षासाठी घेतलं होतं. तिनं मला पोत्यातून काढलं, झटकलं आणि तीस मार्चपर्यंतच्या माझ्या सगळ्या तारखा एकेक करून टंकल्या. पुढची चिकटलेली वीट तिला उरलेली कोरी पानं वाटली. तिनं मला मिटलं आणि पुढची, ऑगस्टची वही घेतली.

तिचं काम मी मेजाच्या कोपऱ्यातून पाहत होते. एका रुग्णाच्या पन्नास तारखा असल्या, तरी नुसत्या तारखांवरून उपचाराचं काही कळत नाही. म्हणून तिनं संगणकासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक रुग्णाच्या तारखा क्रमानं लावायच्या. एका तारखेपासून पुढच्या तारखेपर्यंत किती दिवस गेले ते मोजायचं. साठ दिवस किंवा कमी असतील, तर उपचाराचा तोच कालखंड चालू. साठाच्या वर गेले, तर तो कालखंड संपला आणि पुढच्या तारखेला नवा सुरू झाला. इतक्या वर्षांच्या मिळून सहाशे रुग्णांचं काम संगणकानं एका चुटकीसरशी केलं. डॉक्टर उदयसिंहांनी तिची पाठ थोपटली.

दोन हजार बावीसच्या जून महिन्यात पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. ज्यांना जुनी गोळी लागू पडेनाशी झाली आहे, त्यांना नवं औषध मिळणार होतं. अट एकच होती. रुग्णानं जुनी गोळी सलग अठरा महिने घेतलेली असावी, मध्ये खंड नको. यादी तीस जूनच्या आत पाठवायची. डॉक्टरांनी सगळ्यांत आधी प्रियदर्शनीचं नाव काढलं. गेले तीन महिने तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढत चालल्या होत्या. पोटात डाव्या बाजूला प्लीहा इतकी सुजली होती, की तिला वाकून चप्पल घालता येत नव्हती.

इरावतीनं तिचा क्रमांक टाकला. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिला कालखंड, चौदा जानेवारी दोन हजार वीस ते तीस मार्च दोन हजार एकवीस. दुसरा कालखंड, दहा ऑगस्ट दोन हजार एकवीसपासून पुढे. मध्ये एकशे तेहतीस दिवसांचा खाडा. दुसऱ्या कालखंडाला दहाच महिने झाले होते.

प्रियदर्शनीचं नाव यादीत बसलं नाही.

हे ऐकायला ज्ञानू आणि ती दोघंही आली होती. ज्ञानूनं टेबलाच्या कडेला हात टेकला. "खाडा?" तो म्हणाला. "दुधाचा खाडा पडतोय, म्याडम. माझ्या पोरीच्या गोळीचा एक दीस खाडा न्हाय पडला. मी सोता आणून दिल्यात. कुठं पडला म्हंता? दावा की मला!"

"तुमचं कार्ड आहे का, काका? त्यावर तारखा असतील."

"वेदगंगेचं पाणी घरात आलतं. कार्ड गेलं, कणगी गेली, म्हस एक गेली. आता पोरगी बी जाऊ दे म्हंता व्हय?"

इरावतीनं पडद्यावरच्या त्याच दोन ओळी पुन्हा पाहिल्या. आणि मी? मी तिच्या कोपराशी पडलेली होते. एप्रिलमध्ये तो आला होता, मेमध्ये आला होता, जूनमध्ये, जुलैमध्ये आला होता. चारही सह्या माझ्या पोटात होत्या. खाडा त्याचा नव्हता, माझा होता. पण वहीला उघडल्याशिवाय बोलता येत नाही, मित्रांनो. ती असहायता मी कशी सांगू तुम्हाला!

प्रियदर्शनी मात्र रडत नव्हती. भिंतीवर इरावतीनं एक मोठा तक्ता लावला होता. प्रत्येक रुग्णाची एक आडवी रेघ, आणि खाडा पडला तिथे रेघ तुटलेली. ती पोटावर हात धरून त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "सगळ्यांचा खाडा एकाच जागी कसा पडला?"

इरावती उठून जवळ गेली. खरंच, कितीतरी रेघा एकाखाली एक, एप्रिल ते जुलै याच पट्ट्यात तुटलेल्या होत्या.

"मला वाटलं, टाळेबंदी आणि पूर, म्हणून लोक आले नसतील."

"सगळेच? एक बी आला न्हाय?" प्रियदर्शनी म्हणाली. "माझ्या वर्गातल्या तीस पोरांचं एकच गणित चुकलं, तर मी आधी फळा बघते. मीच चुकीचं लिहिलंय का म्हणून."

इरावती वळली. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, त्या चिकटलेल्या विटेवरून बोट फिरवलं. कडेला निळा ओघळ होता. कोऱ्या पानाला शाईचा ओघळ कुठून येणार? "मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "मी नीट बघितलंच नाही हो."

त्याच दुपारी दत्तोपंतांना बोलावणं गेलं. वर्षभरात ते खूप थकले होते. त्यांनी मला पाहिलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. "शाईचं पेन," एवढंच ते बराच वेळ म्हणत होते. मग एकदम उठून म्हणाले, "बॉलपेन द्या. मुरगूडचे ज्ञानू चार आठवड्यांनी यायचे, एकही मंगळवार चुकला नाही. मला तोंडपाठ आहे. नव्या पानावर लिहून देतो, खाली सही करतो."

ज्ञानूच्या डोळ्यांत आशा चमकली. "लिव्हा की वो! तुमचं अक्षर हाय, कोण न्हाय म्हणंल?"

इरावतीनं पेन दिलं नाही. "काका, आज तुम्ही खरं तेच लिहाल. पण आठवणीवरून लिहिलेली एक तारीख पुण्यात कुणी पकडली, तर या वहीतली एकही तारीख कुणी मानणार नाही. सहाशे माणसं जातील."

"मग माझी एक गेली तर चालंल?" ज्ञानू ओरडला. खिडकीबाहेरची माणसं दचकून आत पाहू लागली. इरावतीनं पेन मुठीत घट्ट धरून ठेवलं.

तेव्हा दत्तोपंतांनीच मला जवळ ओढलं. चिकटलेल्या विटेचा एक कोपरा थोडा सुटला होता. तिथे निळ्या डागातून एक काळी रेघ डोकावत होती. ते वाकले. "ही शाई नाही. हे खिडकीचं बॉलपेन आहे. तारखा गेल्या असतील, पण सह्या आत आहेत!"

तारखेशिवाय सही काय कामाची? पण इरावतीला वाट दिसली. माझं प्रत्येक पान एकाच मंगळवारचं होतं. त्या पानावर ज्याची ज्याची सही, तो तो त्या दिवशी खिडकीशी होता. त्यांतल्या एकाचं जरी कार्ड शाबूत असेल, तर त्याच्या कार्डावरची तारीख तीच त्या पानाची तारीख, आणि त्या पानावरच्या सगळ्यांची तारीख. तिनं लगेच फोन फिरवायला सुरुवात केली. "जुनं कार्ड असेल तर घेऊन या. फाटलेलं असलं तरी आणा."

आता पानं सोडवायची होती. ते काम आक्काकडे आलं. आक्का दवाखान्यातल्या चादरी धुऊन इस्त्री करायची. वाफेच्या इस्त्रीवर तिचा हात बसलेला होता. तिनं मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "शिवण कापाय लागंल. मग ही परत वही न्हाय व्हायची."

"कापा," दत्तोपंत म्हणाले, आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मित्रांनो, मला दुखलं का, असं विचारू नका. मला एवढीच भीती होती, की ज्या सह्या मी वर्षभर जपल्या त्या या वाफेतच विरतील. आक्का वाफ देई, डॉक्टरांनी दिलेली बोथट पट्टी पानांमध्ये सरकवी, आणि एकेक पान ओल्या सालीसारखं सोलून पांढऱ्या चादरीवर ठेवी. एका पानाला अर्धा दिवस लागायचा. असे नऊ दिवस गेले. व्हरांड्यात माणसं कार्डं घेऊन बसली होती. वॉर्डात दाखल केलेल्या प्रियदर्शनीला ताप भरला होता, आणि डॉक्टर रोज सकाळी इरावतीला नुसतं "किती राहिली?" एवढंच विचारत.

सत्तावीस एप्रिलच्या पानावर उलट्या गाठीचा 'ज्ञ' सापडला. ज्ञानू चादरीपाशी वाकून तो पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

मग मे महिना आला. ती पानं विटेच्या अगदी मधोमध होती, तिथली ओल कधी वाळलीच नव्हती. आक्कानं पट्टी लावली आणि पान तिच्या बोटांतच विरघळलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. सगळा मे गेला. जूनची पहिली पानंही गेली. आक्का रडायला लागली. "माझ्या हातनं झालं," असं ती म्हणत राहिली. तो दोष तिचा नव्हता, पण ते सांगणार कोण?

इरावतीनं कागदावर आकडे मांडले. मेची सही गेली. आता जूनची सापडली तर मधले दिवस साठाच्या आत बसतात, नाहीतर नाही. जूनचं पान सुटलं ते सव्वीस तारखेला, भर दुपारी. निम्मं पान निळं होतं. खालच्या कोपऱ्यात, चोळामोळा झालेला, पण तोच 'ज्ञ' होता.

"तारीख?" डॉक्टर म्हणाले. "या पानाची तारीख कुणाकडे आहे?"

त्या पानावर आणखी पाच सह्या आणि एक अंगठा होता. अंगठ्याशेजारच्या ओळीत 'बाळाबाई' एवढंच पुसट दिसत होतं. पेठ वडगावची बाळाबाई तीन दिवसांपासून व्हरांड्यात बसून होती. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून तिसरी, आणि त्यातून कार्ड. "पुरात डोक्यावर धरलंतं मी हे," ती म्हणाली. पंतांनी तिचा अंगठा पुन्हा घेऊन शेजारी ठेवला, रेषा जुळल्या. जून महिन्यात कार्डावर एकच तारीख होती, बावीस.

इरावतीनं तारखा घातल्या. सत्तावीस एप्रिल ते बावीस जून, छप्पन्न दिवस. बावीस जून ते दहा ऑगस्ट, एकोणपन्नास. तिनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला. प्रियदर्शनीच्या नावापुढे एकच ओळ आली. एकच कालखंड, चौदा जानेवारी दोन हजार वीसपासून आजपर्यंत. ज्ञानूला वाचता येत होतं, तरी तो म्हणाला, "वाचून दाखवा." इरावतीनं मोठ्यानं वाचलं.

यादी वेळेत गेली. त्या महिन्यांत गोळ्या चालू असलेल्यांच्या तुटलेल्या एक्केचाळीस रेघांपैकी चौतीस जुळल्या. चौघं खरोखरच त्या महिन्यांत आले नव्हते. त्यांनी स्वतः तसं सांगितलं, आणि इरावतीनं त्यांचा खाडा तसाच ठेवला. दोघांचा काही निकाल लागला नाही, पण त्यांना जुनी गोळीच लागू पडत होती. प्रियदर्शनीला ऑगस्टमध्ये औषध मिळालं. आता ती पुन्हा शिकवण्या घेते. पायऱ्या चढताना थांबते, पण चढते.

मित्रांनो, इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण एक्केचाळिसावा मोहित होता.

मोहित गडहिंग्लजचा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याचीही गोळी लागू पडेनाशी झाली होती. पुराच्या वर्षी गुढीपाडव्याच्या मंगळवारी, तेरा एप्रिलला, त्यानं केलेली सही सापडली, सहा जुलैची सापडली. मधल्या दोन्ही सह्या लगदा झालेल्या पानांवर होत्या. त्याचं भरलेलं कार्ड दवाखान्यातच जमा होतं, ते पुरात गेलं. पाडव्यापासून सहा जुलैपर्यंत चौऱ्याऐंशी दिवस. प्रोग्रॅमनं दोन ओळी दाखवल्या. इरावतीनं पुण्याला तीन पानी पत्र लिहिलं, माझ्या लगद्याचे फोटो जोडले. पुरावा नाही, पुढच्या वर्षीच्या यादीत पाहू, असं उत्तर आलं.

तिनं ते मोहितला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. हाताला ग्रीसचा वास येत होता.

"म्हणजे मी आलोच न्हवतो, असं म्हणायचं?" त्यानं विचारलं.

त्यानं जुन्याच गोळ्या घेतल्या, सही केली आणि गेला.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी त्याची बायको अस्मिता खिडकीशी आली. तिनं उरलेल्या अकरा गोळ्या कागदात बांधून आणल्या होत्या. "दुसऱ्या कुणाला उपेगी पडतील," ती म्हणाली. नव्या लेखनिकानं परतीची नोंद कुठं करायची म्हणून विचारलं. इरावती उठून व्हरांड्यात निघून गेली.

त्यानंतर तिनं आपला प्रोग्रॅम बदलला. पूर्वी त्यात दोनच गोष्टी होत्या, आला किंवा आला नाही. आता तिसरी आहे, माहीत नाही. जिथे वहीच हरवली आहे, तिथे संगणक रेघ तोडत नाही, ठिपके काढतो आणि माणसाला थांबून पाहायला सांगतो.

तुमच्याही हाती कधी एखादी वही येईल, कुणाची तरी कार्डं येतील. ती कोरड्या जागी ठेवा, पाण्यानं न पुसणाऱ्या पेननं लिहा. आणि कुणाच्या नावापुढे रिकामी जागा दिसली, तर त्याला दोष देण्याआधी आमची पानं तपासा. आम्हाला आपणहून बोलता येत नाही.

ज्या दोन तारखांसाठी एक माणूस गेला, त्या मला माहीत आहेत. अकरा मे, तो भर टाळेबंदीत मोटारसायकलवर आला होता. आठ जून, अंगावर डेपोचा खाकी शर्ट होता. दोन्ही वेळा त्यानं सहीखाली एक आडवी रेघ ओढली होती.

मोहित आला होता.